छेदातला उणे एक

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. हे आठ आकडे घ्या आणि त्यांचे प्रमाण विचलन काढा. पायथनमधल्या नमपायला विचारले तर उत्तर २ येते. त्याच पायथनमधल्या पांडाजला विचारले, किंवा 'आर' या सांख्यिकीच्या भाषेला विचारले, तर २.१३८ येते. कोणीच चुकलेले नाही. आकड्यांची सरासरी ५ आहे. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांचे वर्ग केले आणि बेरीज घेतली की ३२ भरतात. त्या ३२ला ८ने भागून वर्गमूळ काढायचे की ७ने, एवढाच प्रश्न आहे. सगळी माहिती हाती असेल तर ८ने. हाती फक्त नमुना असेल आणि त्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर एक कमी करून, म्हणजे ७ने. नमपाय मुद्दाम सांगितल्याशिवाय तो एक वजा करत नाही. बाकीचे दोघे न सांगता करतात.

वापरणाऱ्याला हा फरक कळण्याची हक्काची जागा एकच, ती म्हणजे त्या सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन. त्यातले सूत्र आणि त्या सूत्राच्या छेदात बसलेली एक बारीक आडवी रेघ. मी पुण्यात अशीच माहितीपत्रे लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. आमच्या धंद्यात ती रेघ सुंदर दिसावी म्हणून जितकी मेहनत घेतली जाते, त्याच्या निम्मीही ती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचावी म्हणून घेतली जात नाही.

माझी भाची परभणीला बीएस्सी करते, विषय सांख्यिकी. तिच्याकडे लॅपटॉप नाही. नोट्स, पुस्तके, सॉफ्टवेअरची पाने, सगळे मोबाईलवर. एका रविवारी तिचा फोन आला, "मामू, छेदात एन आणि एकच्या मध्ये नुसता चौकोन दिसतोय. तिथे काय असतं?" कोणीतरी पीडीएफ तयार करताना असा फॉन्ट वापरला होता की ज्यात वजाबाकीचे चिन्हच नव्हते. वर्गातल्या काही मुलींनी तो चौकोन म्हणजे अधिक असे धरले होते. काहींनी चौकोन सोडून दिला आणि गणित तसेच केले. तिने निदान विचारले.

फॉन्टमध्ये वजाबाकीचे चिन्ह नाही, हे ऐकायला विचित्र वाटते, कारण कीबोर्डवर तर ते असते. पण कीबोर्डवर असते ते वजा नव्हे, ती जोडशब्दातली छोटी रेघ. खरे गणिती उणे चिन्ह युनिकोडमध्ये वेगळे आहे, त्याचा क्रमांक २२१२. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी, संगणकाला मात्र पूर्ण परकी. आलेख काढण्यासाठी पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब नावाचे साधन आहे. ते अक्षावरच्या ऋण आकड्यांसाठी खरे उणे चिन्ह वापरते. चिनी फॉन्ट लावून आलेख काढणाऱ्यांना त्या जागी चौकोन दिसू लागले. शेवटी 'खरे उणे वापरू नकोस, साधी रेघ काढ' असे सांगणारी वेगळी सेटिंगच त्यात आहे. जगभरचे विद्यार्थी ही ओळ एकमेकांना औषधाच्या चिठ्ठीसारखी देत असतात.

उलट बाजूनेही तेच. वेबपानावरचे सूत्र कॉपी करून प्रोग्रॅममध्ये चिकटवले आणि त्यात क्रमांक २२१२ आला, तर पायथन 'हे अक्षर चालणार नाही' म्हणून अडून बसते. हे त्यातल्या त्यात नशीब, कारण निदान चूक कळते. पीडीएफमधून दहाचा उणे सहावा घात कॉपी करून पाहा. घातांक वर चढलेला असतो, कॉपी करताना तो खाली उतरतो. दहा लाखावा भाग असलेली संख्या '१०-६' अशी चिकटते. रेघ साधी असेल तर संगणक निमूटपणे वजाबाकी करतो आणि उत्तर काढतो ४. दहा लाखाव्या भागाइतकी चूक चालेल असे सांगायला गेलो आणि चारपर्यंत चालेल असे सांगून बसलो. कुठे लाल अक्षर नाही, घंटा नाही.

घंटेवरून आठवले. पायथनमध्ये प्रत्येक फंक्शनच्या पोटातच त्याची माहिती लिहिण्याची पद्धत आहे. तिला डॉकस्ट्रिंग म्हणतात. तिथे ग्रीक अक्षरे लिहायची तर लॅटेकच्या रीतीने आधी बॅकस्लॅश आणि मग अक्षराचे नाव. पण पायथनच्या लेखी बॅकस्लॅश आणि पुढचे एक अक्षर मिळून भलताच हुकूम होतो. 'अल्फा' लिहायला गेलात तर पहिले अक्षर घंटा वाजवण्याच्या हुकमात जाते आणि मागे शेपूट उरते. 'थीटा'तला 'टी' टॅब होऊन निघून जातो. 'नाब्ला'ची नवी ओळ होते. सगळ्यात वाईट गत 'बीटा'ची. त्यातला 'बी' एक घर मागे जाण्याच्या हुकमात खर्च होतो आणि उरते 'ईटा', जे स्वतःच दुसऱ्या ग्रीक अक्षराचे नाव आहे! वाचणाऱ्याला संशय येण्याचेही कारण नाही. अवतरणचिन्हाच्या आधी एक 'आर' अक्षर लावले की हे सगळे टळते. पण गंमत अशी, की ज्या बॅकस्लॅशचा काहीच अर्थ होत नाही, त्याबद्दल पायथन इशारा देते; आणि ज्याचा भलता अर्थ होतो, त्याबद्दल गप्प राहते, कारण त्याच्या दृष्टीने तो रीतसर हुकूम असतो. बेरजेच्या चिन्हाला इशारा, बीटाला मौन.

हा गोंधळ कोणाच्या आळसातून आलेला नाही. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. जुनी खिळ्यांची जुळणी जाऊन नवी फोटो-जुळणी आली होती आणि पाने त्यांना बघवेनात. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि गणित जुळवणारा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचे नाव टेक. थोड्या दिवसांचे वाटलेले ते काम त्यांना दहाएक वर्षे पुरले. लॅटेक त्याच्यावरच उभे आहे. सूत्र सुरू झाले हे कळावे म्हणून क्नुथ यांनी डॉलरचे चिन्ह निवडले, कारण छापखान्यात गणिताची जुळणी महाग पडते असा पूर्वापार समज. विनोद चांगला होता. पण तो विनोद आजही आम्ही फेडतो आहोत. एका वाक्यात पाच डॉलर आणि दहा डॉलर अशा दोन किमती आल्या, की मधला सगळा मजकूर सूत्र समजून तिरका आणि चिकटून छापला जाण्याची भीती असते. म्हणून मॅथजॅक्स हे वेबवर सूत्रे दाखवणारे साधन एकेरी डॉलरला आपणहून सूत्र मानतच नाही. गिटहबने मे २०२२ मध्ये डॉलर स्वीकारला आणि पुढे त्याच्या जोडीला उलट्या अवतरणचिन्हाचीही सोय करावी लागली. मार्कडाउन तर पायाला लावलेली अधोरेखा पाहून अक्षरे तिरकी करते आणि दोन बॅकस्लॅशचा एक करून टाकते. मग मॅट्रिक्सच्या दोन ओळी एकाच ओळीत येऊन बसतात.

क्नुथ यांच्यासमोर मुक्काम एकच होता, कागद. तिथे पोहोचले की काम झाले. आज तेच सूत्र वेबपानावर जाते, पीडीएफमध्ये जाते, टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर जाते, संपादकाच्या छोट्या खिडकीत जाते, मोबाईलवर जाते. लिहिणारा मात्र अजून कागदाच्याच हिशोबाने लिहितो. एका ठिकाणी छान दिसले की समाधान मानतो.

वेबवर तर या गोष्टीला पंचवीस वर्षे लागली. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मॅथएमएल मान्य केले. त्यात सूत्र चित्र म्हणून राहत नाही. अंश कुठला, छेद कुठला, घात कशाचा, हे सगळे त्यात नोंदलेले असते. फायरफॉक्सने ते बऱ्याच आधी आणले. क्रोममध्ये ते २०१३च्या सुरुवातीला आले आणि लगेच काढून टाकले गेले. परत आले जानेवारी २०२३ मध्ये, तेही इगालिया या स्पेनमधल्या कंपनीच्या अभियंत्यांनी काही वर्षे खपून काम केल्यावर. मधल्या काळात जगाने मॅथजॅक्सवर भागवले. असंख्य संकेतस्थळे त्याची फाईल एकाच सर्व्हरवरून उचलत होती. एप्रिल २०१७ मध्ये तो सर्व्हर बंद झाला. जुना पत्ता दुसरीकडे वळवून देण्यात आला म्हणून पाने वाचली. नेट नसेल तर आजही अशा पानांवर सूत्राऐवजी डॉलर आणि बॅकस्लॅशचा ढीग दिसतो.

मॅथजॅक्सच्या आधी आणि नंतरही कित्येकांनी सोपा मार्ग धरला, सूत्राचे चित्र करून चिकटवा. चित्र कुठेही सारखेच दिसते हे खरे. पण ज्याला दिसत नाही त्याचे काय? पुण्यात वाढलेले टी. व्ही. रमण यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी घेतली, पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेतले कॉर्नेल. १९९४ मध्ये त्यांनी पीएचडीसाठी जे केले ते माझ्या मते या सगळ्या विषयातले सगळ्यात शहाणे काम आहे. त्यांनी लॅटेकमधला मजकूर घेऊन तो बोलून दाखवणारी यंत्रणा बनवली. घात आला की आवाज चढतो, पायाचे अक्षर आले की उतरतो. मोठे सूत्र असेल तर ते आधी त्याचा सांगाडा सांगते, मग आतले तुकडे. हे शक्य झाले कारण लॅटेकमध्ये सूत्राचा अर्थ शिल्लक होता. त्याच सूत्राचे चित्र त्यांच्या हाती दिले असते तर यंत्र एवढेच म्हणाले असते: चित्र.

आमच्या क्षेत्रात हे सगळे 'विशेष गरजा असलेल्यांसाठी' या खात्यात टाकले जाते. म्हणजे वेळ उरला तर करू. परभणीच्या मोबाईलवर चौकोन पाहणारी मुलगी मग कुठल्या खात्यात?

आणखी एक वाचक आहे, जो बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो: उजवीकडून डावीकडे वाचणारा. इजिप्तसारख्या अरब देशांत शाळेतली समीकरणे अरबी अक्षरांत आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. वर्गमूळाचे चिन्हही आरशात पाहिल्यासारखे उलटे असते. मोरोक्कोत मात्र मजकूर अरबी आणि समीकरण फ्रेंच वळणाचे, डावीकडून. या साऱ्या तऱ्हांची नीट नोंद २००६ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने प्रसिद्ध केली. ती मराकेशचे अझ्झेद्दिन लाझरेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. पुढे २०१२ मध्ये युनिकोडमध्ये अरबी गणिती अक्षरांचा १४३ चिन्हांचा स्वतंत्र गट आला. उर्दूची रीत मोरोक्कोसारखीच. आपल्याकडे उर्दू माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकात वाक्य उजवीकडून चालते आणि समीकरण डावीकडून. मुलांना त्याची सवय असते, संगणकाला नसते. उर्दू परिच्छेदात साध्या अक्षरांत '५ - ३' टाइप करा, मधे जागा सोडून. युनिकोडच्या दिशेच्या नियमाप्रमाणे पडद्यावर ते '३ - ५' असे उमटते. बेरीज असती तर चालले असते. वजाबाकीत उत्तराचे चिन्हच बदलते. दिशा स्पष्ट सांगणारी खूण घालावी लागते, आणि ती बहुतेक नोट्समध्ये नसते, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही.

अल-ख्वारिज्मी यांचे नाव आपल्या सभा-संमेलनांत भरपूर घेतले जाते. अल्जेब्रा हा शब्द त्यांच्या ग्रंथाच्या नावातून आला, अल्गोरिदम त्यांच्या स्वतःच्या नावातून. टाळ्या पडतात. पण त्यांच्या त्या नवव्या शतकातल्या ग्रंथात एकही गणिती चिन्ह नाही, हे क्वचित कोणी सांगते. अधिक नाही, बरोबर नाही, घात नाही. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून एकोणचाळीस होतात, तर ती संख्या कोणती, हा त्यांचा प्रसिद्ध प्रश्न पूर्णपणे शब्दांत मांडलेला आहे आणि उत्तरही शब्दांत. अरबी गणितात खुणांची पद्धत पुढे आली. पंधराव्या शतकातल्या अंदालुसी गणिती अल-कलसादी यांच्या लिखाणात मूळ, अज्ञात संख्या, बरोबर यांसाठी शब्दांची आद्याक्षरे येतात. खुणांनी गणित वेगवान केले यात शंका नाही. शब्दांत लिहिलेले बीजगणित मोठ्या गणितात लवकरच दमते. पण शब्दांतले सूत्र कुठल्याही कागदावर, कुठल्याही लिपीत, कुठल्याही पडद्यावर पोहोचते. त्याचा चौकोन होत नाही.

माझे म्हणणे याच्याशीच जोडलेले आहे. 'आर' भाषेचे डॉक्युमेंटेशन लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत सूत्रासाठी दोन कप्पे आहेत. पहिल्यात लॅटेक लिहायचे, ते छापील पानासाठी. दुसऱ्यात तेच सूत्र साध्या अक्षरांत, टर्मिनलवर वाचणाऱ्यासाठी. दिसायला ओबडधोबड, पण लिहिणाऱ्याला ती एक गोष्ट विचारायला भाग पाडते: जिथे सजावट पोहोचणार नाही तिथे हे कसे वाचले जाईल? २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून 'आर'ची वेबपाने सूत्रे सुबक दाखवू लागली. दुसरा कप्पा मात्र त्यांनी काढला नाही, हे मला फार आवडते. नमपायच्या लेखकांसाठीचे नियमही सांगतात की लॅटेक वाचायला सोपे नसते, जपून वापरा. उलट बऱ्याच नव्या साधनांत एकच कप्पा असतो. तो एका यंत्रात छान दिसला की लिहिणारा पुढच्या पानाकडे वळतो.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो. दोनदा लिहिले की दोन्ही कधीतरी वेगळे होणार. एकात सुधारणा होईल, दुसऱ्यात राहून जाईल. आक्षेप खरा आहे. तीस पानांच्या माहितीपत्रात हे होतेच. पण मी सुचवतो तो दुसरा कप्पा नुसता मजकुराचा नाही, चालणाऱ्या प्रोग्रॅमचा असावा. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय भाषेबरोबरच येते. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले, तर ती प्रत्यक्ष चालवून उत्तर जुळते का ते पाहते. वरचे आठ आकडे लिहा, 'एक वजा करून' असे सांगा, उत्तर २.१३८ लिहा. खाली एक वाक्य टाका की वर्गांची बेरीज आकड्यांच्या संख्येतून एक कमी करून भागली आहे. उद्या कोणी सूत्र बदलले आणि उदाहरण बदलायला विसरले, तर चाचणी ओरडेल. लॅटेकमधले सूत्र चुकीचे असेल तर कोणीच ओरडत नाही. ते चुकीचेही तितकेच सुंदर दिसते.

सगळीकडे हे जमणार नाही. मोठे मॅट्रिक्स, बाणांच्या आकृत्या, दोन पाने चालणाऱ्या सिद्धता साध्या अक्षरांत कोंबणे म्हणजे वाचणाऱ्याचा छळ. तिथे मॅथएमएल बरे, आणि सोबत दोन ओळींचे वर्णन. पण सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधली बरीच सूत्रे इतकी अवघड नसतात. बेरीज, भागाकार, एखादा घात, एखादे वर्गमूळ. ती शब्दांत सहज मावतात. काही जण ती लॅटेकमध्ये घालतात, कारण त्याने लेखन विद्वत्तापूर्ण दिसते. हे बोललेले सहकाऱ्यांना आवडत नाही, पण मी पाहिलेले आहे.

जे शिक्षक मराठीत किंवा उर्दूत नोट्स तयार करतात, त्यांच्याशी माझे वेगळे बोलणे आहे, कारण त्यांच्यामागे कोणती संस्था नाही, तपासनीस नाही. जुने पीडीएफ-लॅटेक देवनागरी आणि उर्दू नीट हाताळत नाही; झीलॅटेक किंवा लुआलॅटेक वापरा. मजकुरासाठी एक आणि गणितासाठी एक, असे दोन फॉन्ट वेगळे ठेवा. सुंदर देवनागरी फॉन्टमध्ये गणिती चिन्हे असतीलच असे नाही. उर्दू मजकुरातल्या प्रत्येक समीकरणाला दिशा द्या. आणि पीडीएफ तयार झाली की ती स्वतःच्या मोठ्या पडद्यावर पाहून पाठवून देऊ नका. घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाईलवर उघडा, नेट बंद करून. मग त्यातले एक सूत्र, शक्यतो ज्यात छेद आणि उणे चिन्ह आहे असे, बोटाने निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. जे उमटेल ते वाचा.